दाराशी ठेवलेली बॅग

पडदा वर गेला तेव्हा रंगमंचावर एक दार, एक खुर्ची आणि दाराशी एक बॅग, एवढंच होतं. दिव्यावर लावलेल्या निळ्या कागदातून गाळून आलेला उजेड सगळ्यावर पसरला होता. त्यात धूळ इतकी सावकाश तरंगत होती की ते घर एखाद्या तळ्याच्या तळाशी असल्यासारखं वाटावं.

स्पर्धा फक्त पहिल्या प्रवेशाची होती. शोकांतिकेचा पहिला प्रवेश, सात मिनिटं, की घंटा. नाटकाच्या बाईंनी महिनाभर एकच पालुपद लावलं होतं. "काही घडू द्यायचं नाही. माणसं कोण, राहतात कुठे, त्यांच्यात बिनसलंय काय, एवढं कळलं की पुरे. पण पडदा पडताना शेवटच्या रांगेतल्या माणसाच्याही पोटात खड्डा पडला पाहिजे."

आणि बॅगेबद्दल तर त्यांनी बजावलंच होतं, "रिकामी आणू नका गं. रिकामी बॅग उचलताना नट हमखास पकडला जातो. भरलेली आणा."

म्हणून नाटकातल्या टकळीने भरलेली आणली. मुद्दाम भरावी लागलीच नाही. गेले चार दिवस ती बाबांच्या पलंगाखाली भरूनच होती. टकळीने चेन उघडून पाहिली होती. आत लोकरी स्वेटर होता आणि उन्हाळी चपलाही होत्या. दोन दिवस कामासाठी बाहेरगावी जाताना कोणी दोन्ही ऋतू घेऊन जात नाही. घरात मात्र त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. आज सकाळी आई-बाबा कामावर गेले आणि तिने ती ओढत शाळेत आणली.

आता ते दोघं तिसऱ्या रांगेत बसले होते. मधल्या खुर्चीवर आईची पर्स.

रंगमंचावरची आई, म्हणजे वर्गातली ताडमाड उंच मुलगी, शर्टांच्या घड्या घालत होती. रंगमंचावरचे बाबा, म्हणजे काजळाने मिशी रेखलेली टकळीची मैत्रीण, खुर्चीत बसून बुटाची नाडी बांधत होते. टकळी त्यांची मुलगी झाली होती. जमिनीवर बसून वहीत रेघोट्या मारायच्या. वाक्य एकही नाही. टकळी हे नाव बाबांनीच ठेवलेलं, तोंड थांबता थांबत नाही म्हणून. तिला मुकी भूमिका मिळाली तेव्हा अख्खा वर्ग पोट धरून हसला होता. "टकळी गप्प बसणार? मग शोकांतिकाच."

"निळ्या शर्टाचं बटण लावलंय," उंच मुलगी म्हणाली.

"कशाला लावलंस," मिशी म्हणाली.

"तुटलं होतं."

बस्स, इतकंच. पण सभागृहात खोकणारे खोकायचे थांबले. टकळीने हळूच मान वर केली. उजेडापलीकडे तिसरी रांग अंधुक दिसत होती. बाबांचं लक्ष नाटकातल्या माणसांवर नव्हतंच. ते बॅगेच्या मुठीकडे बघत होते, तिला गुंडाळलेल्या लाल दोऱ्याकडे. तो त्यांनीच गुंडाळला होता. मग आईनेही बॅग पाहिली, आणि बॅगेवरून तिची नजर बाबांकडे गेली.

सातवं मिनिट लागलं. ठरलं होतं ते असं: मिशीने बॅगेकडे हात न्यायचा, बोटं मुठीला लागणार इतक्यात घंटा, पडदा. मिशी उठली. दोन पावलं टाकली.

आणि टकळी वही सोडून उठली, चालत गेली आणि बॅगेवर बसली.

हे ठरलं नव्हतं.

"ऊठ की," मिशी ओठ न हलवता पुटपुटली. "घंटा होईल."

टकळीने पाय पोटाशी घेतले, हनुवटी गुडघ्यांवर टेकवली. मिशीचा हात हवेतच राहिला. निळा उजेड, तरंगती धूळ, हवेतला हात. वेळ असा लांबला, लांबतच गेला, की टकळीला वाटलं, आपण इथेच बसल्या बसल्या मोठ्या होणार. मग घंटा झाली.

तिसरं बक्षीस मिळालं.

"पहिलं होतं आपलं," विंगेत बाई म्हणाल्या. त्या रागावल्या होत्या, पण टकळीच्या वेणीवरची धूळ झटकत रागावल्या होत्या. "काही घडू द्यायचं नाही म्हटलं होतं ना? तू घडवलंस, बये."

आई-बाबा मागच्या दाराशी आले. बाबांनी बॅग उचलली.

"जड आहे गं. एकटीने आणलीस?"

"ओढत. एक चाक गेलं वाटेत."

"चाक गेलं?"

"कलेसाठी त्याग करावा लागतो, बाबा."

आईला हसू आलं. ते तिने पर्समध्ये काहीतरी शोधत लपवलं.

बाहेर संध्याकाळ होती. आभाळाला कोणीतरी तोच निळा कागद लावला होता. तिघं एकामागून एक चालत होते. चौकात रस्ता फुटतो. डावीकडे घर, उजवीकडे स्टेशन. तिथे बाबा थांबले. हात बदलायला त्यांनी बॅग खाली ठेवली.

टकळी पटकन तिच्यावर बसली.

"अगं, संपलं नाटक," बाबा म्हणाले.

"पहिलाच प्रवेश झालाय, बाबा."

आईने पर्स एका खांद्यावरून काढून दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग बाबा बॅगेला लागून फूटपाथच्या कडेला टेकले, बुटाची चांगली बांधलेली नाडी त्यांनी सोडली, आणि पुन्हा बांधायला घेतली. सावकाश. सात मिनिटं पुरेल इतकी सावकाश.