निरुपयोगी ओळ

यंत्र पुन्हा वाजलं. सहाशे अकराव्यांदा.

"वाजलं ना? मग तोंड पाडून काय बसलीस?" शेजारच्या टेबलावरच्या चष्मिस सहकाऱ्याने विचारलं. तिने चाचणीचे खोटे ठोके पुन्हा सुरू केले. ते एकदा तरी वाजू नये, म्हणून ती देव पाण्यात घालून बसली होती.

रुग्णाच्या उशाशी राहून ठोके मोजायचे आणि ते थांबले की बोंब मारायची, एवढंच त्या यंत्राचं काम. त्याचा प्रोग्राम तिचा. बावीस दिवसांपूर्वी, भर दुपारी, सात नंबरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचे ठोके थांबले आणि यंत्र गप्प राहिलं. तेव्हा वॉर्डात तिची थोरली बहीण होती, सलग दुसऱ्या ड्यूटीवर, खुर्चीत बसून कागद भरत. कंपनीने यंत्र तपासलं, निर्दोष ठरवलं. मग उरली नर्स. आज चार वाजता चौकशीत ताईला लिहून द्यायचं होतं, की आपल्याला डुलकी लागली होती.

"तू जागी होतीस ना?" तिने सकाळी फोनवर पुन्हा एकदा विचारलं होतं.

"मला तर वाटतं, होते." ताई जरा थांबली. "पण यंत्र तू केलंयस गं. ते कसं चुकेल? माझाच डोळा लागला असेल."

ते वाक्य तिच्या मानगुटीवर बसलं होतं. हल्ली लिफ्टची घंटा वाजली की ती दचकायची. नाही वाजली की जास्त दचकायची.

संशय तिला पहिल्या दिवसापासून होता. जुन्या यंत्राच्या मेंदूत काम करणारा कोअर एकच, त्यामुळे कामं रांगेत व्हायची. नव्यात चार कोअर, चौघं एकदम कामाला लागणार. एकाने धोक्याची खूण करायची, दुसऱ्याने आधीची जुनी खूण पुसायची. दोघांचे हात एकाच क्षणी पडले, तर नवी खूणही पुसली जाणार. हे तिला कळत होतं, दिसत मात्र नव्हतं. पाळत ठेवायला तिने पायरीपायरीवर नोंद लिहिणारी ओळ घातली होती, आणि पाळत ठेवल्यापासून यंत्र शहाण्या मुलासारखं वागत होतं.

मग तिला ताईचीच एक जुनी थट्टा आठवली. मोठे डॉक्टर राउंडला आले की दुखणं लपून बसतं, त्यांची पाठ वळली की रुग्ण कण्हायला लागतो.

नोंद लिहायलाही वेळ लागतो. पापणी लवण्याच्याही आतला, पण लागतो. तेवढ्यात एक कोअर मागे राहतो आणि दोघांची टक्कर टळते. म्हणजे ती बघत होती, म्हणूनच ते घडत नव्हतं.

तिने पाळतीच्या सगळ्या ओळी काढून टाकल्या आणि नुसती कान देऊन बसली. अडतीस वेळा यंत्र वाजलं. एकोणचाळिसाव्या वेळी पडद्यावर ठोक्यांची रेघ सरळ झाली. ती सरळच धावत राहिली, आणि खोलीत काहीही वाजलं नाही. चष्मिसचे हात कीबोर्डवर थांबले.

"सापडलास!" ती ओरडली. मग ती थबकली. सहा महिन्यांच्या चाचणीत हे एकदाही कसं दिसलं नाही?

तिने चाचणीच्या वेळचा प्रोग्राम उघडला. त्यात एक ओळ जास्त होती. तिला हे काम शिकवणाऱ्या मास्तरांची. मास्तर जाऊन वर्ष झालं होतं. ती ओळ दर फेरीला नोंदीत एकच शब्द लिहायची: 'आलो'. शेजारी त्यांची सूचना होती: 'ही काढू नये. का, ते मलाही नीट कळलेलं नाही. पण काढली की भीती वाटते.'

यंत्र विक्रीला जायच्या आठवडाभर आधी कोणीतरी ती काढली होती. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'निरुपयोगी ओळ'. खाली तिचं स्वतःचं नाव होतं. तिला सगळं आठवलं. "मास्तरांचं भूत उतरवलं एकदाचं," असं म्हणून ती त्या दिवशी चष्मिसला टाळी द्यायला गेली होती.

चारला दहा मिनिटं होती. तिने फोन लावला.

"बोल पटकन, चौकशीवाले येऊन बसलेत, कागद समोर आहे," ताई म्हणाली.

"सही करू नकोस. आत्ता माझ्यासमोर यंत्र गप्प राहिलं. तू जागी होतीस, ताई."

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ताई रडली. बावीस दिवसांत पहिल्यांदाच.

"मग चूक कोणाची गं?" ताईने विचारलं.

चष्मिसने पडद्यावरचं नाव वाचलं होतं. तो दोन्ही हातांनी नको नको म्हणत होता.

"ताई," ती म्हणाली, "फोन स्पीकरवर टाक. आणि आवाज मोठा कर."