काकाचा वाकडा हात

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण तुझ्या काकाचा हात इतका वाकडा, की तो नुसता येताना दिसला तरी मशीनच्या करवतीचं पातं मान तिरकी करायचं," म्हाताऱ्या सुताराने लेकीला सांगितलं. "आणि माझी दारं? वाऱ्यालासुद्धा आत शिरायला फट सापडली नाही कधी."

कारखाना आता लेक चालवत होती आणि काकांना परत कामावर बोलावू या म्हणत होती. तिरक्या दारांचा ठपका घेऊन गेलेल्या काकांनी त्यानंतर लाकडाला हात लावला नव्हता.

बोलता बोलता तिने खुंटीवरचा जुना गुण्या काढला आणि म्हाताऱ्याचा किस्सा मध्येच अडकला. गुण्या पात्याला टेकवून तिने पातं काटकोनात बसवलं, फळी कापली. कड तिरकी आली. मग गुण्या फळीवर ठेवून तिने एक रेघ मारली, तो उलटा करून त्याच जागेवरून दुसरी मारली. एकावर एक बसायला हव्या होत्या त्या दोन्ही रेघा फाकत गेल्या.

"बाबा, काकांचा हात सरळच होता. गुण्या वाकडा आहे."

"असेल बाई. मला कुठून कळणार? आम्ही दोघंही याच एका गुण्यावर काम करायचो." म्हातारा अंगावर नसलेला भुसा झटकू लागला.

लेकीने गुण्या खाली ठेवला.


"मग बाबा, तुमचं एकही दार तिरकं कसं नाही झालं?"