थर्स्टीच्या उलट काय

"कोणाला खरं वाटणार नाही," टेलरमास्तर मेहुणीला म्हणाले, "पण अख्खी डिक्शनरी पाठ झाली माझी. मशीन मारता मारता. आता तर मशीनही इंग्रजाळलंय. पूर्वी मुकाट्याने धागा तोडायचं, हल्ली आधी सॉरी म्हणतं."

मेहुणी हसली नाही. ती थोरल्या बहिणीला कायमची न्यायला आली होती. खाली गाडी उभी होती.

थोरली बहीण, म्हणजे मास्तरांची बायको, खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं तिने. मेंदूला झटका आला, त्यातून हातपाय सावरले, पण मराठी गेली ती गेलीच. तोंडून निघे तो एखादा सुटा इंग्रजी शब्द. आणि मास्तरांचं इंग्रजी म्हणजे रिळांच्या खोक्यावर छापलेलं असतं तेवढं.

"माझ्याकडे सून, नातवंडं, सगळी फडाफड इंग्रजी बोलतात," मेहुणी म्हणाली. "तिला काय हवं-नको ते कळणारं माणूस नको का, भाऊजी?"

"मी काय शोभेला ठेवलोय?"

मास्तरांनी कापडाच्या तुकड्यांची टोपली पुढ्यात ओतली. वाचाउपचारवाल्या बाईंनी सांगून ठेवलं होतं, रोज शब्द घ्या, त्याचे समानार्थी घ्या, विरुद्धार्थी घ्या; एकाचं बोट धरून दुसरा येतो. मास्तरांनी ते आपल्या पद्धतीने बेतलं होतं. प्रत्येक तुकड्यावर खडूने मराठी अक्षरांत एकेक इंग्रजी शब्द.

"हे लाल तुकडे बघ. हॅपी, ग्लॅड, जॉली. समानार्थी. हे सगळे सोयरे, म्हणून एका रंगाचे. आता हा हॅपी उलटा कर. पाठीवर काय? सॅड. विरुद्धार्थी म्हणजे भाऊबंद गं! एकाच कापडाचे, पण एकमेकांचं तोंड बघायचे नाहीत."

मेहुणीला हसू फुटत होतं, ते तिने गिळलं. "मग बोला तिच्याशी. माझ्यासमोर बोला. खरंच जमत असेल तर मी आल्या पावली परत जाते."

मास्तरांनी स्टूल ओढलं. शर्टाची कॉलर नीट केली. बायकोसमोर लाल तुकडा धरून म्हणाले, "हॅपी?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "कोल्ड."

मास्तरांची बोटं तुकड्यांत घुसली. निळा तुकडा वर आला, झटक्यात उलटा झाला. "हॉट!" ते ओरडले. "बघितलंस? हे असं चालतं दिवसभर. ती टाकते, मी परतवतो. एक चेंडू सोडत नाही."

"कोल्ड," बायको पुन्हा म्हणाली.

"हॉट, हॉट! झालं की तुझं बरोबर."

"भाऊजी," मेहुणी उठून उभी राहिली. "तिला थंडी वाजतेय. पंखा बंद करा."

मास्तर आधी हसले. मग त्यांचा हात तुकड्यासकट तसाच राहिला. मेहुणीनेच बटण दाबलं.

"म्हणजे सकाळपासून..." मास्तर म्हणाले.

"सकाळपासून काय?"

"सारखी थर्स्टी म्हणत होती. थर्स्टीच्या उलट काय, ते मला सापडेना. म्हटलं, आज अवघड पेपर काढलाय हिने." हातातला निळा तुकडा त्यांनी खाली टाकला. "शाबास म्हटलं मी तिला. टाळ्या वाजवल्या."

मेहुणी आत धावली. भांडं ओठांना लागताच बायकोने ते दोन्ही हातांनी धरलं. पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरलं तरी ती थांबली नाही. रिकामं भांडं तिने तसंच पुढे केलं. मेहुणीने ते भरून आणलं.

मेहुणी रागावून बोलली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. तिने कपाट उघडलं आणि बहिणीचे कपडे बॅगेत भरायला घेतले. मागे टांगलेला तपकिरी कोट काढून तिच्या खांद्यांवर टाकला, बाह्या तिच्या हातांत सरकवल्या.

मास्तर स्टुलावर बसून होते. पायाशी लाल, निळे, पिवळे तुकडे. कात्री नाही, टेप नाही, डिक्शनरी नाही. आयुष्यभर पाठ असलेली एकच गोष्ट उरली होती, ती त्यांनी काढली.

"हा कोट मी माप न घेता शिवलाय," ते म्हणाले.

"भाऊजी, आता पुरे."

"तुझ्या ताईला शाळेत रुजू व्हायचं होतं. आली दुकानात. अंगाला टेप लावायची माझी छाती होईना. म्हटलं, बाई, तुम्ही नुसतं त्या कोपऱ्यापर्यंत चालत जा नि परत या. ती चालली, मी डोळ्यांनी मापली. कोट असा बसला, असा बसला, की समोरचा टेलर दुकानाला कुलूप लावून गावाला निघून गेला. रस्त्यावरची सायकलवाली माणसं एकमेकांवर आपटली. आणि तुझी ताई आरशात बघून काय म्हणाली? म्हणाली, अंगात कोट आहे हे कळतसुद्धा नाही हो..."

"खोटं."

मेहुणीच्या हातातली बॅग खाली पडली. मास्तरांनी मान वळवली नाही. वळवली तर ऐकलेलं निसटून जाईल, असं त्यांना वाटलं असावं.

खिडकीपाशी बायको कपाळाला आठ्या घालून कोटाची बाही ओढत होती. ओठ जुळत होते, सुटत होते.

"का... काखेत," ती म्हणाली. तिने दम घेतला. "काखेत काचत होता."