पाणी प्यालेली लादी

या, जरा जवळ सरकून बसा. ही गोष्ट मोठ्याने सांगायची नाही. छोटीशीच आहे आणि अगदी ताजी, आज सकाळची.

मुलुंडला चेकनाक्याजवळ एका गाळ्यात पांढऱ्या लाद्या भाजतात. घरात बसवायच्या नव्हेत हो! हाताला खारी बिस्किटासारख्या हलक्या, आत नुसती बारीक बारीक भोकं, आणि भोकांत हवा. एका अंगाला भट्टी पेटली तरी दुसऱ्या अंगाला खुशाल तळहात टेकवावा. अशा वीस लाद्या एका नव्या विमानात बसणार होत्या, इंजिनाची आग आणि पायलटची खुर्ची यांच्या मधोमध.

लवू तिथला तपासनीस. अकरा वर्षं हातमोजे घालून लादी उचलणारा माणूस. कुणाचं घामाचं बोट लागलं तरी लादी बाद करायचा. घामात मीठ असतं. ते भोकांत शिरलं की निघत नाही, आणि मोठ्या आगीत तेवढीच जागा काचेसारखी होऊन तडकते.

माल निघताना लाद्यांच्या पेटीपुढे नारळ फोडायचा मानही त्याचाच. दर खेपेला पेटी बंद असते. आज श्रुतिकाने, तिथल्या इंजिनिअर मुलीने, फोटोसाठी झाकण उघडलं होतं. लवूने डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि नारळ आपटला.

डोळे उघडले, तर कोपऱ्यातल्या लादीवर ओंजळभर पाणी. फडकं घेऊन त्याने हात पुढे केला, तोवर पाणी गेलं. लादी प्यायली. वर ना ओल, ना डाग.

“साहेब,” लवूची भाषा एकदम गावाकडे वळली, “ह्यां काय बरां नाय झालां. नारळाच्या पाण्यात मीठ असता.”

मालक सुबोध खोबरं चघळत होते. “वाळेल ना, काका.”

“पाणी वाळेल. मीठ खंय जातलां?”

“ट्रक बाहेर उभाय आणि तुम्ही वाट लावताय सगळ्याची. श्रुतिका, नवीन लादीला किती दिवस?”

“तीन आठवडे, सर. पण काका बरोबर बोलतायत.”

“झाकण कोणी उघडलं होतं गं?”

तिने हातातला मोबाईल खिशात घातला.

सुबोधनी लवूच्या खांद्यावर हात ठेवला. आवाज अगदी मऊ केला. “काका, देवापुढचं पाणी ते. त्याने कुणाचं वाईट होईल? तुम्हीच सांगा.”

उभा जन्म लवू कीर्तनात पुढच्या रांगेत बसलेला. ‘होईल’ हा एवढासा शब्द, पण त्याची जीभ उचलेना.

तपासणीच्या कागदावर वीस चौकोन होते. एकोणीस खुणा झाल्या. विसाव्यावर पेन थांबलं.

“त्या पायलटच्या खुर्चीत बसणार कोण गं?” त्याने श्रुतिकाला हळूच विचारलं.

“प्रांजल मॅडम. मागे आल्या होत्या ना, काका? तुमच्या डब्यातलं घावन खाऊन गेल्या त्या.”

बाहेर हॉर्न वाजला. एकदा, मग पुन्हा.

लवूने खूण केली. खाली सही केली. श्रुतिकाने झाकण लावलं, सुबोधनी स्वतः स्क्रू पिळले, आणि ट्रक हायवेच्या दिशेने वळला. लवू दारातच उभा राहिला. मग मोरीत जाऊन हात धुतले, पुन्हा धुतले. डबा तसाच घरी आणला.

त्याचं चुकलं की काय, ते देव बघेल. लाद्या बुधवारी बसतील. शुक्रवारी सकाळी नऊला विमान उडेल. तेव्हा माझं एवढं ऐका. शुक्रवारी नऊच्या ठोक्याला हातातलं काम बाजूला ठेवा आणि प्रांजल नावाच्या त्या पोरीची आठवण करा. तिचं लक्ष समोर आभाळाकडे असेल. लाद्या तिच्या पाठीमागे असतील.