न मोजलेल्या फेऱ्या

“आणि माझं हेल्मेट एखाद्या हरणानं घातलं, अन् ते कमानीखालून पळत गेलं, तर फेरी कुणाच्या नावावर?”

कुरणातले, चिखलानं माखलेले बूट घातलेले यच्चयावत स्वार वळून डेलाकडे पाहू लागले. मग असा हशा पिकला की कुंपणापलीकडच्या गाई चरायच्या थांबल्या. मागे तिची मैत्रीण ब्रिन पोट धरून खालीच बसली. ‘विचारून दाखव’ ही पैज तिची. गेल्या वर्षीची डेला लाजेनं मेली असती. यंदाची डेला हनुवटी वर करून उत्तराची वाट बघत राहिली.

ट्रकच्या फळीवर उभ्या असलेल्या रोबर्टाबाईंनी कर्णा तोंडाशी धरला. ओहायोतल्या मोटरसायकलींच्या या शर्यतींच्या फेऱ्या त्याच मोजायच्या. “तुझ्याच नावावर, पोरी. कमानीवरचं मशीन हेल्मेटवरचं स्टिकर वाचतं. आत मेंदू आहे की नाही, ते तपासत नाही.” पुन्हा हशा. “आता नीट ऐका. कमानीखाली हळू. एकामागे एक. बीप ऐकू आला की सुटा. नाही आला तर फिरून परत या. नंतर माझ्याकडे येऊन रडायचं नाही.”

डेलाचं अर्धं लक्ष टेकडीकडे होतं. दुपारची मोठी शर्यत त्या टेकडीवरून जायची. दगडांचा चढ, ओढा, पलीकडे गर्द रान. सोळावं पूर्ण झाल्यामुळे यंदा ती शर्यत तिला खुली होती. वर्षभर ती झोपेत ती टेकडी चढत होती. पण बाबांनी तिचं नाव घातलं सकाळच्या शर्यतीत. मुलींच्या. सपाट कुरणातल्या.

“कुरणात ढाल मिळते, टेकडीवर हात मोडतो,” बाबा म्हणाले होते. घरी कपाटावर त्यांनी ढालीसाठी जागासुद्धा पुसून ठेवली होती. आईनं बाबांची री ओढली. “टेकडी काय पळून जातेय का? पुढच्या वर्षी जा.”

शर्यत सुटायच्या आधी हेल्मेट गाडीवरून घसरून पडलं आणि त्याचा पुढचा छज्जा तडकला. नेमकं स्टिकर होतं तिथेच. बाबा म्हणजे चिकटपट्टीवर संसार उभा केलेला माणूस. घर तापवायच्या भट्टीच्या नळ्यांना लावतात ती ॲल्युमिनियमची पट्टी त्यांनी काढली आणि छज्ज्याला गच्च गुंडाळली. “घे. आता तुझ्या डोक्यापेक्षा मजबूत.”

बावटा पडला. शेल्बी नेहमीप्रमाणे पुढे. या हंगामात तिला कुणी हरवलंच नव्हतं. डेला तिच्या मागच्या चाकाला गोचिडीसारखी चिकटली. कमान आली, मान खाली, बीप, सुसाट. पुन्हा कमान, पुन्हा बीप. शेवटच्या वळणावर शेल्बीची गाडी चिखलात जराशी बाहेर गेली. डेला आतून घुसली आणि पहिली कमानीखालून गेली. बीप! आई अशी किंचाळली की शेजारच्या तंबूतल्या माणसाच्या हातून हॉट डॉग पडला.

मग निकालाचा पडदा उजळला. पहिली शेल्बी. दुसरी कुणीतरी. तिसरी कुणीतरी. अगदी तळाशी, ‘डेला हॉस्टेटलर. शर्यतीत उतरली नाही.’

“उतरली नाही?” ब्रिन ओरडली. “अगं, तुझ्यापेक्षा त्या हरणानं बरं केलं असतं!”

सगळी वरात रोबर्टाबाईंच्या ट्रकच्या खिडकीवर. त्यांनी हेल्मेट हातात घेतलं, चष्मा नाकावर सरकवला. “हे चंदेरी कुणी केलं?” बाबा आभाळातले ढग बघू लागले. बाईंनी पट्टी टराटरा सोलली. टेबलावरच्या तशाच मशीननं लगेच बीप केलं. “धातू आहे हा! स्टिकर झाकून टाकलंत. जेवढे बीप तू ऐकलेस ना पोरी, ते सगळे शेल्बीचे.”

“पण ती माझ्या पुढे होती,” मागून शेल्बीच बोलली. “तिचा चिखल अजून माझ्या दातांत आहे.”

रोबर्टाबाईंनी कागद पुढे सरकवला. “कमानीवर कॅमेरा आहे. तक्रार लिहून द्या, मी बघून हातानं नाव चढवते. पहिला नंबर तुझाच. फक्त एक गोष्ट. नाव चढलं की तुझा आजचा दिवस संपला. एका दिवशी एका स्वाराचा एकच निकाल, हा इथला नियम.”

“संपू दे की!” बाबांनी पेनाचं टोपण दातांनी काढलंसुद्धा. “सही कुठे करू? इथे?”

आई ढालीजवळ उभं राहून फोटो काढायला जागा करत होती. ढाल खरंच सुंदर होती. सोनेरी गाडी, वर पंख. डेलानं तिच्याकडे मन भरून पाहिलं. मग तिची नजर शेजारच्या खिडकीकडे गेली. तिथे दुपारच्या शर्यतीत नाव घालायला रांग लागली होती. दाढीवाले, चिलखतं घातलेले, एकमेकांच्या पाठीवर थापा मारणारे. त्यांच्या डोक्यांवरून टेकडी दिसत होती. धुकं विरलं होतं. चढावरचा दगड न् दगड मोजता आला असता.

तिनं बाबांच्या मनगटावर हात ठेवला. पेन कागदापासून बोटभर वर थांबलं.

“काय गं?” आई म्हणाली. “पहिला नंबर नको का तुला?”

“आलाय की माझा. शेल्बीला माहितीये, मलाही माहितीये.” डेलानं हेल्मेट काखेत मारलं. “आई, बाबा, मी तक्रार करणार नाही. निकालात लिहिलंय ना, मी आज उतरलेच नाही? मग आता उतरते. बाबा, सही इथे नको, त्या खिडकीत करा.”