अर्पणपत्रिकेचं पान

सौंसरच्या घरात प्राजक्ता सकाळपासून खोलीचं दार लोटून बसली होती. हातात ब्लेड, पुढ्यात तिच्या पहिल्या कादंबरीच्या दोनशे प्रती. संध्याकाळी पांढुर्ण्याला प्रकाशन होतं आणि त्याआधी प्रत्येक प्रतीतलं अर्पणपत्रिकेचं पान कापून काढायचं होतं. दिवाळीत नागपूरच्या डॉक्टरांनी तिच्या वडिलांना, बाबूजींना, दोन महिने दिले होते. पुस्तक छापून यायला त्याहून जास्त लागणार होते, म्हणून काळजावर दगड ठेवून तिने लिहून दिलं होतं, 'स्मृतीस अर्पण'. आता होळी उलटली होती, आणि बाबूजी प्रकाशनाला येणारच म्हणून हटून बसले होते. त्या पानाकडे बघायची तिची हिंमत नव्हती. नुसतं ब्लेड चालत होतं.

"काय करून राहिली वं?"

जन्मभर शाळेत मराठी शिकवलेले बाबूजी भिंतीला धरून दारात उभे होते. कापलेल्या पानांचा ढीग बघून म्हणाले, "नको कापू. माह्या नजरेखालून गेलं आहे ते पान. तू छिंदवाड्याले गेली होती, तेव्हा छापखान्यातून शेवटचं प्रूफ आलं. मीच तपासून धाडलं."

"बाबूजी, मी..."

"चूक नव्हती त्यात. फक्त तू 'परमपूज्य पिताश्रींच्या' लिहिलं होतं, ते खोडून मी 'बाबूजींच्या' केलं. मेल्यावर का मी तुले परका होऊन जाईन?"