घागरीचा आवाज

"पोरगी पडतच नाही," असं पोलंडच्या एकानं लिहिलं होतं. त्याच्याखाली दुसऱ्यानं री ओढली होती. चित्रं सुरेख आहेत, विहीर खोल आहे, पायऱ्यांना कठडा नाही. जीव मुठीत धरून खेळावं, तर पोरीचा पाय एकदाही घसरत नाही. मग यात खेळ कुठं आहे?

योगेशनं दोन्ही अभिप्राय मराठीत करून मोठ्यानं वाचले. भर दुपार होती. हिंगोलीतल्या त्या माडीवरच्या नेट कॅफेत तो आणि देविदास सोडून कोणी नव्हतं. स्पर्धा इंटरनेटवरची होती. शनिवार-रविवारात एक गेम बनवायचा, तो सगळ्यांसमोर टाकायचा आणि मग जगभरच्या बनवणाऱ्यांनी एकमेकांचे गेम खेळून बरंवाईट लिहायचं. दुरुस्तीला आज संध्याकाळपर्यंत मुभा होती. गेम देविदासचा, त्यातले आवाज योगेशचे. एक पोरगी घागर घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरते, पाणी भरते, वर येते. एवढंच.

"बराबर लिहून राहिले," योगेश म्हणाला. "पाय घसरला पाहिजे."

"न्हाई घसरत."

"काहून? दोन ओळींचं तर काम हाय."

गोरेगावकडच्या तांड्यावरून देविदास सकाळच्या पहिल्या जीपनं आला होता, ते हे अभिप्राय वाचायलाच. घरी किंवा कॉलेजात तो काय करतो हे कुणाला कळत नव्हतं. या परक्या माणसांना कळत होतं. त्यांनी त्याची विहीर तळापर्यंत पाहिली होती, आणि नुसतं सुरेख म्हणून ती माणसं पुढं गेली होती.

तो खुर्चीवरून उठला. "कर तू," म्हणाला.

योगेशनं बदल केला आणि गेम सुरू केला. पोरगी भरली घागर घेऊन ओल्या पायरीवर आली, तिचा तोल गेला आणि ती खाली गेली. पाण्यात दगड टाकावा तसा 'डुबुक' आवाज झाला.

"असा न्हाई येत आवाज," देविदास पटकन म्हणाला.

"मग कसा येतो?"

"आधी घागरीचा येतो. पायरी पायरीवर आपटत जाते ती. मंग पाण्याचा. त्याच्यानंतर काहीच न्हाई येत."

योगेशचा हात माउसवरच थांबला. त्यानं मान वळवून मित्राकडं पाहिलं.

"कोण होतं?"

"शिला. माझी मोठी बहीण. मी वरच्या पायरीवर बसलेलो."

खाली रस्त्यावरून एक ट्रॅक्टर धडधडत गेला. मग योगेश म्हणाला, "मला ठावं नव्हतं रे. काढून टाकतो मी हे. पहिला होता तसाच राहू दे."

देविदासनं पुन्हा ते दोन अभिप्राय वाचले. सकाळपासून किती वेळा वाचले होते, त्यालाच ठाऊक.

"न्हाई," तो म्हणाला. "राहू दे. आवाज तेवढा बराबर करू."

जिन्याच्या तोंडाशी मालनबाईचं चहाचं हॉटेल होतं. योगेशनं तिची घागर मागून आणली. पोचे पडतील म्हणून ती कुरकुरली, पण दिली. योगेश मोबाइल धरून जिन्याच्या मध्यावर उभा राहिला आणि देविदासनं वरून घागर सोडली. खणखणत ती खाली गेली. दोघांनी मोबाइल कानाशी धरून ऐकलं.

"रिकामी वाटते," देविदास म्हणाला. "तिची भरलेली होती."

हॉटेलच्या टाकीतून त्यानं घागर काठोकाठ भरली. खांद्यावर घेऊन वर आणली. शर्ट एका बाजूनं भिजला. वरच्या पायरीवर उभा राहून त्यानं डोळे मिटले आणि घागर सोडली.

या वेळी आवाज जड आला. घागर आपटत, पाणी सांडत, भिंतीला धडकत खाली गेली. हातात चहाची गाळणी तशीच धरून मालनबाई धावत जिन्यापाशी आली.

"कोण पडलं रे? कोणाचं लेकरू पडलं?"

देविदास वरून तिच्याकडं बघत होता.

"आता बराबर हाय," तो म्हणाला.

मुदत संपायच्या आत त्यांनी नवा गेम टाकला. दिवेलागणीला अभिप्राय यायला लागले. पोलंडवाल्यानं लिहिलं, आता अंगावर काटा आला. कुणी लिहिलं, या स्पर्धेतला हा सगळ्यात खरा गेम. एका पोरीनं लिहिलं, तो आवाज ऐकायला मी तिला मुद्दाम पुन्हा पुन्हा पाडलं. कसा बनवलात हो तो?

एवढं योगेशनं मोठ्यानं वाचलं. पुढचं त्यानं मनातल्या मनात वाचलं. मग उत्तराची चौकट उघडून कीबोर्ड देविदासपुढं सरकवला. देविदासनं हात मांडीवरच ठेवले. शर्ट अजून ओला होता.

पानाच्या कोपऱ्यात किती जणांनी गेम खेळला त्याचा आकडा होता. योगेशनं पान ताजं केलं की तो वाढलेला दिसायचा.

"लय लोक खेळून राहिले, देवा," काहीतरी बोलायचं म्हणून योगेश म्हणाला.

"व्हय," देविदास म्हणाला. "तेवढ्या बारी शिला पडून राहिली."